फायरप्लेसची चौकट आणि बेळगावकडचा दगड

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला फार्महाऊस बांधणारे आता नकाशात फायरप्लेस मागतात. मग गवंड्यापुढे प्रश्न येतो दगडाचा: जांभा, काळा दगड, ग्रॅनाइट की कडप्पा? उत्तर बहुधा स्वयंपाकघराच्या ओट्यावरून दिले जाते आणि चूक तिथेच होते. ओट्याच्या दगडाला आग अशी कधी लागलेलीच नसते. शेगडी पायांवर उभी, ज्योत वर जाणारी. खालच्या फरशीला मिळते ती नुसती ऊब.

आग खरोखर अंगावर घेणारी वस्तू म्हणजे चूल, आणि ती दगडाची नव्हती. भिंती जांभ्याच्या, जोते काळ्या दगडाचे, तरी चूल मातीची, हे काही गरिबीमुळे नव्हे. वारुळाची किंवा चिकट पोयट्याची माती, तिच्यात भाताचे तूस, शेण, मिळाल्यास घोड्याची लीद. तूस जळून गेले की मातीत बारीक पोकळ्या उरतात. तडा अशा पोकळीपाशी येऊन थांबतो. जो थांबत नाही तो सकाळच्या पोतेऱ्यात बुजतो. तडकलेला दगड पोतेऱ्याने सांधत नाही. शेतात तीन दगड मांडून चूल पेटवतानाही मलप्रभेच्या पात्रातला गुळगुळीत गोटा जाणते लोक घेत नाहीत. त्याच्या पोटात पाणी मुरलेले असते, त्याची वाफ होते आणि कपची उडते, कधी थेट डोळ्याकडे.

हा भाग दगडांच्या बाबतीत श्रीमंत आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आणि पठारांच्या माथ्यावर जांभा. पूर्वेला गोकाककडे वालुकाश्म. गोकाकचा धबधबा कोसळतो तो याच कड्यावरून. त्यापुढे बागलकोटच्या अंगाला चुनखडक आणि इलकलचा तांबूस-गुलाबी ग्रॅनाइट. प्रत्येकाची उष्णतेशी वागण्याची रीत वेगळी.

जांभ्याला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ मध्ये दिले, ते मलबारातला दगड पाहून. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. नाव चपखल आहे. खाणीतून निघताना कुऱ्हाडीने तासता येतो, हवेत राहिला की घट्ट होतो. पण तो स्पंजासारखा पाणी पितो. शिवाय त्याच्यातली पिवळी लोहखनिजे साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी सोडून लाल होतात. म्हणून आगीच्या तोंडाला लावलेला पिवळसर-तांबडा जांभा वर्षभरात गडद लाल पट्टा धरतो. काहींना तो आवडतो. आपल्या मते तोंडापासून वीतभर लांब ठेवलेला जांभाच बरा दिसतो.

काळा पाषाण त्याहून भरवशाचा. दाणा बारीक, आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, जवळजवळ नाही. हे महत्त्वाचे, कारण क्वार्ट्झचा स्फटिक ५७३ अंशांना एकदम फुगतो आणि दगड आतून फुटतो. ग्रॅनाइट आणि गोकाकचा वालुकाश्म यांचे दुखणे हेच. मात्र पाषाणातही पांढऱ्या ठिपक्यांचा तुकडा नाकारावा. ते ठिपके बहुधा झिओलाइटचे असतात. तापले की पाणी सोडणारे हे खनिज, त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘उकळणारा दगड’. पाथरवटाकडून घण मारून घ्यावा: खणखणीत वाजला तर घ्यावा, बद्द वाजला तर भिंतीच्या कामाला द्यावा.

सर्वांत गुणी दगड मात्र बांधकामवाल्यांच्या यादीत क्वचितच असतो. शंखजिऱ्याचा मऊ दगड, कन्नडमध्ये ‘बळपद कल्लु’. पूर्वी पाटीवर लिहायची पेन्सिल याचीच, आणि कर्नाटकात त्याची कोरीव भांडी थेट चुलीवर चढतात. उष्णता सावकाश घेतो, सावकाश सोडतो, तडकत नाही. फिनलंड-नॉर्वेत अख्ख्या शेगड्या याच दगडाच्या करतात. नखाने ओरखडा उठतो, एवढाच दोष.

शहाबाद आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडक बाहेरून आले. शहाबाद कलबुर्गीकडचा, कडप्पा आंध्रातला. बैठी चूल जाऊन उभा ओटा आला तेव्हा या फरशांनी स्वयंपाकघर व्यापले, मग ग्रॅनाइट आला. चुनखडकाचा चुना व्हायला ९०० अंशांजवळ जावे लागते, चौकटीवर तेवढे तापमान येत नाही. पण शहाबादचे थर निखाऱ्याने सुटतात. आणि कडप्पाचा काळेपणा पुष्कळदा तेल पुसून आणलेला असतो. तापल्यावर तेलाचा वास खोलीभर पसरतो आणि दगड राखाडी पडतो.

युरोपातही आगीला टेकून शोभेचा दगड लावत नसत. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये आपल्या निबंधात फायरप्लेसचे तोंड लहान, खोलपणा कमी आणि बाजूच्या भिंती तिरक्या करायला सांगितले, म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाते आणि धूर वर ओढला जातो. तेव्हाही आत वीट किंवा लोखंड असे. संगमरवर बाहेरच्या चौकटीला, पाहुण्यांना दिसायला.

हीच वाटणी इथे पाळायची. आतला खण, म्हणजे आग पेटते ती जागा, फायरब्रिकचा, म्हणजे आग सोसणाऱ्या विटांचा, ९ × ४.५ × ३ इंची, सांधा ३ मिलिमीटरचा आणि तोही फायरक्लेचा, म्हणजे आग सोसणाऱ्या मातीचा. खानापूरची माती चांगली, म्हणूनच खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था तिथे आहे; पण साधी भाजलेली वीट म्हणजे फायरब्रिक नव्हे. सिमेंटचा सांधा आत वापरला तर दोन हिवाळ्यांत भुगा होतो. चौकोनी धुराड्याचे छिद्र तोंडाच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाहून लहान नको, नाहीतर दगड कितीही भारी असला तरी काजळीने काळाच होणार.

खण आणि चौकट एकमेकांना चिकटवू नयेत. मध्ये ५-६ मिलिमीटरची फट ठेवून उष्णता सोसणारी सिरॅमिकची दोरी दाबून बसवावी. ग्रॅनाइटची एक मीटरची पट्टी १०० अंशांनी तापली की जवळजवळ ०.८ मिलिमीटर वाढते. वाढायला जागा नसली की कोपरा उडतो. लोक दगडाला दोष देतात, दोष फटीचा असतो. पट्टी इपॉक्सीवर बसवू नये, ती गरमीत सैल पडते. सिमेंटचे उष्णता सोसणारे अधेसिव्ह आणि वरच्या आडव्या पट्टीला स्टीलचे हुक घ्यावेत. कारखान्यातला क्वार्ट्झ स्लॅब तर घेऊच नये, त्याच्यातले रेझिन पिवळे पडते.

लाकडी फळी हवीच असेल, आणि सागवान हाताशी असले की ती हवीच असते, तर अमेरिकन बांधकाम नियम तोंडाच्या कडेपासून किमान ६ इंच अंतर सांगतो. जितकी फळी पुढे येईल तितके अंतर वाढते. तोंड ६ चौरस फुटांहून लहान असले तर समोरची न जळणारी फरशी १६ इंच पुढे आणि दोन्ही बाजूंना ८ इंच लागते. मोठ्या तोंडाला २० आणि १२. लाकडी जमिनीच्या घरात तर ही मापे सोडूच नयेत.

कणकुंबीच्या पावसाचा हिशेब मात्र त्या नियमात नाही. धुराड्याला टोपी नसली तर चार महिने पाणी आत उतरते, जांभा ते पिऊन बसतो, आणि दिवाळीत पाहुणे आले की लोक एकदम मोठी आग पेटवतात. त्याच रात्री कपच्या सुटतात. पावसाळ्यानंतर पहिले तीन-चार दिवस रोज तासभर, दोन-तीन बारीक काटक्यांचीच आग ठेवावी. भिंतीला हात लावून ओल गेल्याची खात्री झाली की मगच ओंडका घालावा.