आवाज नाही म्हणजे फ्यूएल पंप जळाला?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या घरात असताना वर्धा रोडवर गाडी बंद पडली, की ठरलेलं निदान ऐकू येतं: "पंप गेला, टाकी उतरवा लागते." पुरावा काय, तर चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपाचा घूं आवाज आला नाही.

हे अर्धवट आहे. तो आवाज बहुतेक गाड्यांत दोनेक सेकंदच येतो. इंजिन फिरलं नाही तर ईसीयूच (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पंप थांबवतो. अजिबात आला नाही तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) पाहा.

खरी गोम पुढे. पंपाच्या वायरचा कनेक्टर काढून मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दिसले, की वायरिंग ठणठणीत ठरवून मोकळे! पण मीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे काळवंडलेली पिन किंवा गंजलेला अर्थिंगचा बोल्टही त्याला फसवतो. पंपाला चांगले चार-पाच अँपिअर लागतात, तिथे ही वायर हात वर करते. म्हणून पंपाच्या जागी 55 वॅटचा हेडलाइट बल्ब लावून चावी फिरवा. (पेट्रोलचा वास येत असेल तर हा उद्योग नकोच.) बल्ब मिणमिणला तर दोष वायरिंगचा. लख्ख पेटला, तर मग पंपावर संशय घ्या.