भाकरी सोडल्यावर शरीर काय करतं

लातूरच्या माझ्या भाचीनं लग्नाआधी दोन महिने भाकरी बंद केली. सकाळी काकडी, रात्री ताक. सात किलो उतरले. लग्नानंतर वर्षाच्या आत आठ किलो वाढले, आणि ‘माझ्यातच जिद्द नाही’ म्हणत ती ओट्याशी उभी राहून रडली. दोष तिच्या जिद्दीचा नव्हता.

पाऊस लांबला की आपण काय करतो? भांडी घासलेलं पाणीसुद्धा झाडाला घालतो. शरीरही तेच करतं. खाणं एकदम तुटलं की ते दुष्काळ पडला असं धरून चालतं. चरबीच्या पेशींतून निघणारं लेप्टिन मेंदूला ‘कणगी भरलेली आहे’ असं कळवत असतं, ते घटतं. भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं. स्नायू झिजतात आणि शरीर थोडक्यात भागवू लागतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, रोज साधारण १,५७० कॅलरींवर. त्यांना दिवसरात्र अन्नच सुचायचं. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये आला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, तरी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होतं.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर उपाशी राहणं धोक्याचंच; साखर एकदम खाली जाऊ शकते.

ज्वारीनं वजन उतरतं, असं मी म्हणणार नाही. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. पण भाकरीला तेल लागत नाही, तंतू भरपूर असतात आणि ती चावून खावी लागते. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. भाकरी तेवढा वेळ घेते. सोबत वरण किंवा पिठलं असलं की प्रथिनांमुळे भूक लवकर परतत नाही.

खरी गोम तेलात आणि चहात. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर तेल पोटात जातं. म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी, दीड भाकरीच्या आसपास! येसरच्या आमटीवरची तर्री कुणी मोजत नाही. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, की आणखी २०० कॅलरी. ताटातली भाकरी दिसते म्हणून तिच्यावरच कुऱ्हाड पडते.

भाचीनं पळी उचलून ठेवली आणि फोडणीला चमचा घेतला. पाच चहांचे दोन केले. सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या, मग शेंगदाण्याच्या कुटाची आमटी त्यांनाही आवडली. तेलाचा डबा आता दीड महिना पुरतो. चार महिन्यांत तिचे अडीच किलो उतरले, शाळूची भाकरी दोन्ही वेळा खाऊन.