टेक्स्ट एडिटरची निवड (मुक्त सॉफ्टवेअर संस्कृतीतील)

प्रोग्रॅम लिहिण्याचा टेक्स्ट एडिटर व त्याच्या जोडीची साधने ठरवताना सोयीबरोबरच परवानाही पाहण्याची मुक्त सॉफ्टवेअरच्या (ज्याचा कोड वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा असते अशा सॉफ्टवेअरच्या) वर्तुळातील प्रथा. ईमॅक्स आणि व्हीआय या दोन एडिटरांच्या चाहत्यांमधील जुना वाद हे तिचे सर्वपरिचित रूप. हा वाद सहसा कळफलकाच्या सवयींचा म्हणून सांगितला जातो. मात्र यांतले कोणते एडिटर टिकले आणि काही पुन्हा मुळापासून का लिहावे लागले, याचा उलगडा सवयींपेक्षा परवान्यांच्या इतिहासातून अधिक होतो.

ईमॅक्सचा उगम : हा एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला. तेथे डॅन मर्फी यांचा टेको (सु. १९६२-६३) हा एडिटर रुळलेला होता. त्यात बदल करायचा तर आज्ञांची अक्षरे एकापुढे एक टाइप करावी लागत. १९७० नंतरच्या काही वर्षांत बदल होताना मजकूर पडद्यावर दिसू लागला, आणि जो तो आपापले मॅक्रो (एकत्र बांधलेले आज्ञांचे संच) रचू लागला. या विखुरलेल्या मॅक्रोंचे एकत्रीकरण १९७६ मध्ये झाले. त्याचे श्रेय पुष्कळदा एकट्या रिचर्ड स्टॉलमन यांना दिले जाते. एकत्रीकरणाला गाय स्टील यांनी हात घातला, डेव्हिड मून यांचे आधीचे मॅक्रो त्यात आले आणि काम तडीस नेले स्टॉलमन यांनी, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. केलेल्या सुधारणा परत पाठवाव्यात, या अटीवर स्टॉलमन यांनी ही प्रणाली वाटली.

गॉस्लिंग प्रकरण : जेम्स गॉस्लिंग यांनी १९८१ च्या सुमारास युनिक्स या कार्यप्रणालीसाठी सी भाषेत ईमॅक्स लिहिला. प्रारंभी तो मोकळेपणाने फिरत होता. पुढे त्याचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले. स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू केलेल्या ग्नू ईमॅक्समध्ये (ग्नू हा त्यांचा मुक्त कार्यप्रणाली घडवण्याचा प्रकल्प) गॉस्लिंग यांचा काही कोड होता, विशेषतः पडद्यावरचा मजकूर ताजा करणारा भाग. हा कोड वाटण्याची परवानगी गॉस्लिंग यांनी एका सहकाऱ्याला दिली होती, असे स्टॉलमन यांचे म्हणणे. युनिप्रेसला ते मान्य नव्हते. परवानगीचा प्रश्न कोर्टात तपासला गेला नाही, त्यामुळे त्यावर ठाम निष्कर्ष काढणे योग्य नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे : १९८५ च्या मध्यापर्यंत तो भाग पूर्णपणे नव्याने लिहिला गेला, आणि ईमॅक्ससोबत दिला जाणारा परवानाच पुढे १९८९ च्या ग्नू जनरल पब्लिक लायसन्स या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा पाया ठरला. ‘मुक्त’ म्हणजे ‘फुकट’ नव्हे, हेही याच एडिटरच्या व्यवहारात दिसते. १९८५ मध्ये ईमॅक्सची टेप स्टॉलमन १५० डॉलरला विकत असत. ती घेणाऱ्याला प्रती काढून वाटण्याची पूर्ण मुभा होती.

व्हीआयचे कुळ : केन थॉम्पसन यांचा ‘एड’ हा एकेक ओळ हाताळणारा युनिक्सचा एडिटर याच्या मुळाशी आहे. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कुलुरिस यांनी त्याचे ‘एम’ हे सुधारित रूप केले. ते पाहून बर्कली येथे बिल जॉय व चक हेली यांनी ‘एक्स’ (ex) घडवला. व्हीआय ही त्याचीच पूर्ण पडद्याची अवस्था. व्हीआयचा काळ सर्रास १९७६ दिला जातो, तरी त्या नावाची स्वतंत्र आज्ञा १९७९ च्या दुसऱ्या बीएसडी (बर्कलीहून वाटल्या जाणाऱ्या युनिक्स सॉफ्टवेअरच्या) संचात आढळते. म्हणून १९७६ हे वर्ष आरंभाचे मानणे बरे. एच, जे, के, एल या कळांनी कर्सर हलवण्याची रीत जॉय यांच्या एडीएम-३ए टर्मिनलमधून (संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकाच्या यंत्रातून) आली. त्याला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. एस्केप कळ आज टॅब असते तिथे, म्हणजे बोटाशीच होती.

व्हीआयमध्ये ‘एड’चा कोड असल्याने युनिक्सची मालक कंपनी एटी अँड टीचा परवाना नसलेल्यांना तो वाटता येईना. स्टेव्ही, एल्व्हिस, कीथ बॉस्टिक यांचा एनव्हीआय ही प्रतिरूपे या कोंडीतून निघाली. स्टेव्हीवरून ब्राम मोलेनार यांनी अमिगा संगणकावर व्हिम उभारला (पहिले जाहीर प्रकाशन १९९१) आणि वापरणाऱ्यांना युगांडातील मुलांसाठी देणगी देण्याचे आवाहन केले. मूळ व्हीआयचा कोड खुला झाला तो २००२ मध्ये. तोवर बहुतेकांना त्याची गरज उरली नव्हती. नॅनो या एडिटरची कथाही अशीच : वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पिको या एडिटरचा परवाना पुरेसा मोकळा नव्हता, म्हणून १९९९ मध्ये त्याच्यासारखा नॅनो नव्याने लिहायला घेतला गेला.

एकाच घरातली भांडणेही झाली. १९९० नंतर ल्युसिड कंपनीने ईमॅक्सची वेगळी शाखा काढली, ती पुढे एक्सईमॅक्स झाली. तांत्रिक मतभेद बरेच होते, पण मोठ्या योगदानाचा कॉपीराइट स्टॉलमन यांनी स्थापलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून देण्याच्या अटीमुळे दोन शाखा पुन्हा जुळणे अवघड झाले.

प्रथा व विनोद : स्टॉलमन यांनी ‘चर्च ऑफ ईमॅक्स’चा संत म्हणून झगा घालून, डोक्यावर जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिरवावी, हा विनोद प्रसिद्ध आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी मात्र दोन्ही छावण्या सोडून मायक्रोईमॅक्स हा लहानसा एडिटर धरला. नवख्याची व्हीआयशी गाठ प्रथम पडते ती बहुधा कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात : एडिटर ठरवलेला नसला, तर बदलाचा संदेश लिहायला अनेकदा व्हीआय उघडतो आणि बाहेर कसे पडावे ते कळत नाही. एस्केप दाबून, अपूर्णविराम, क्यू व उद्‌गारचिन्ह टाइप करून एंटर दिल्यास न जतन करता सुटका होते. खुद्द गिटचा जन्मही साधनाच्या परवान्यातूनच झाला. लिनक्सच्या कामासाठी २००२ पासून वापरलेल्या बिटकीपर या मालकी साधनाची फुकट सवलत २००५ मध्ये काढून घेतली गेली आणि त्याच एप्रिलमध्ये गिट लिहिले गेले.

अलीकडील स्थिती : मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा (२०१५) सोर्स कोड एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली आहे, पण कंपनी देते ती तयार प्रत वेगळ्या, मालकी परवान्याखाली. म्हणून काहीजण व्हीएसकोडियम ही त्याच कोडची मुक्त बांधणी वापरतात. त्यांना मायक्रोसॉफ्टची काही विस्तारके अटींमुळे वापरता येत नाहीत. याच एडिटरसोबत आलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (२०१६; एडिटर आणि प्रोग्रॅमिंग भाषेची माहिती पुरवणारा प्रोग्रॅम यांच्यातील संवादाची ठरलेली रीत) मात्र व्हिमपासून निघालेल्या निओव्हिमने स्वीकारला आणि ईमॅक्सच्या २९ व्या आवृत्तीत (२०२३) त्याची सोय अंगभूत झाली.