विमानाचा सुटा भाग कुणालाही विकता येतो का?

‘एका कंपनीची विमानं सुरक्षेच्या कारणानं जमिनीवर बसली तरी पुरवठादारांचं काही अडत नाही, तेच भाग ते दुसरीला विकतात,’ असा मेसेज अधूनमधून फिरतो.

प्रमाणित स्क्रू-रिव्हेटपुरतं हे बरंचसं खरंही आहे. पण पंखातली रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी आतली आडवी फासळी घ्या. ती एकाच मॉडेलच्या ड्रॉइंगवरून ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरतात. ठोकळ्याचा कित्येकदा ८०-९० टक्के भाग नुसता भुगा होतो. दुसऱ्या विमानात तिची भोकंसुद्धा जुळायची नाहीत. समजा जुळली, तरी त्या विमानाच्या मंजूर आराखड्यात तिचा पार्ट नंबर नाही, म्हणजे बसवता येणार नाही. नवं गिऱ्हाईक धरायचं तर फिक्श्चर (कोरताना भाग पक्का धरून ठेवणारा साचा), पहिल्या नगाची तपासणी, मंजुरी सगळं नव्यानं. शिवाय टायटॅनियमसारखा माल महिनोन्महिने आधी मागवलेला असतो. तो पैसा गोदामात अडकतो. (बेळगावजवळ हत्तरगीलाही विमानांचे भाग बनतात, तेव्हा विषय तसा लांबचा नाही.)

पडताळायचं तर विमानाचे भाग बनवणाऱ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. १० टक्क्यांहून जास्त महसूल देणाऱ्या ग्राहकांची माहिती ‘सेगमेंट’च्या (व्यवसाय-विभागांच्या) टिपेत सापडते. शेजारी इन्व्हेंटरीचा, म्हणजे गोदामातल्या मालाचा आकडाही बघा.