घाट उतरताना टर्बो कुठे जातो?

पाचगणीहून वाईकडे उतरताना गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं, हा सल्ला साताऱ्यात आजही छातीठोकपणे दिला जातो. पद्मिनी-अँबेसेडरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं, कारण थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) बंद असली तरी कार्ब्युरेटर पेट्रोल सोडत राहायचा. आजच्या गाडीत नेमकं उलटं होतं. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि इंजिन साधारण 1,200 ते 1,500 आरपीएमच्या वर फिरतंय, असं दिसलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. तेव्हा इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि पेट्रोल शून्य जळतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते बंद पडू नये म्हणून तासाला अर्धा ते पाऊण लिटर जाळावंच लागतं.

पेट्रोलपेक्षा मोठा मुद्दा ब्रेकचा आहे. पाचगणी वाईपेक्षा साडेपाचशे ते सहाशे मीटर उंच आहे. चार माणसं आणि सामान धरून 1,600 किलोची सेडान तेवढी खाली आली, की सुमारे 90 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध यांत तिसरा हिस्सा जातो. उरलेली 60 लाख ज्यूल एक तर इंजिन घेईल, नाही तर ब्रेक. यातून अंदाजे 18 ते 20 लिटर गार पाणी उकळीला येईल, आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या बिडाच्या ब्रेक-चकत्यांचं (डिस्कचं) मिळून वजन जेमतेम 14-15 किलो असतं.

इंजिन ही ऊर्जा कशी खातं? अनेकांना वाटतं, हवा दाबण्यात. पण दाबलेली हवा पुढच्याच स्ट्रोकला पिस्टनला उलट ढकलते आणि घेतलेलं बरंचसं परत देते. खरी वसुली त्याआधीच्या, हवा आत ओढण्याच्या स्ट्रोकमध्ये होते. थ्रॉटल बंद असल्याने इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. पिस्टनच्या डोक्यावर हा विरळ दाब, खालून क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या पोकळीतला) जवळजवळ पूर्ण दाब. या फरकाविरुद्ध पिस्टन खाली खेचण्याचं काम चाकांना करावं लागतं. त्यात पिस्टन रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह आणि ऑइल पंपाचं घर्षण मिळवा. दर फेरीला होणारं हे काम इंजिनाच्या सीसीवर, म्हणजे आकारमानावर ठरतं, आणि अशा फेऱ्या मिनिटाला किती, ते गिअरवर.

आता टर्बोकडे या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राकडे. स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टसचं दीड लिटरचं इंजिन 150 पीएस आणि 250 न्यूटन-मीटर देतं, ह्युंदाई व्हर्नाचं टर्बो 160 पीएस. ही ताकद सिलिंडरमध्ये कोंबलेल्या जादा हवेची आहे. उतारावर थ्रॉटल बंद, जळण नाही, एक्झॉस्ट थोडा आणि थंड. त्यामुळे टर्बाइन मंदावते आणि बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, नाहीसा होतो. उरतं ते साधं दीड लिटरचं इंजिन. चढावर ही गाडी दोन-सव्वादोन लिटरच्या साध्या इंजिनासारखी ओढते, पण उतारावर दीड लिटरइतकीच रोखते.

म्हणून 'ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा' हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथे फसतो. वाई-पाचगणीमधला पसरणी घाट ही गाडी तिसऱ्यात सहज चढते. त्याच तिसऱ्यात ताशी 35 किलोमीटरने उतरलात, तर इंजिन 1,450 आरपीएमच्या आसपास फिरतं आणि माझ्या हिशेबाने लागणाऱ्या रोधाच्या निम्माच देतं. दुसऱ्यात ते 2,200 वर जातं आणि बहुतेक भार उचलतं. ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. आवाज वाढतो, पण इंजिनाला त्रास नाही: रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा) खूप दूर असते आणि ऑइल पंप चालू असतो. ऑटोमॅटिकला डी मध्ये सोडू नका, गिअरबॉक्स वरचा गिअर धरतो. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा घ्या. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असेल तर एस किंवा एल.

ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलं तर दोन गोष्टी बिघडतात. एक, ब्रेक पॅडमधलं रेझिन (पॅड बांधून ठेवणारी राळ) तापून वायू सोडतं आणि पकड सुटते. पेडल घट्टच असतं पण गाडी थांबत नाही. दुसरी जास्त घातक. ब्रेक फ्लुइड (पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणारा द्रव) हवेतली आर्द्रता शोषतं, रबरी होजमधूनसुद्धा. डॉट 4 प्रतीच्या कोऱ्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश; त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकानुसार किमान मर्यादा 155 वर येते. कॅलिपरपाशी (चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागापाशी) फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते, आणि पेडल सरळ तळाला जातं.

अर्ध्या तासाने सगळं निवतं, वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल पूर्ववत लागतं. गॅरेजमध्ये काहीच दोष सापडत नाही. मग 'ती जागाच वाईट' म्हणून त्या वळणावर नारळ फुटू लागतात. जागेचा काही दोष नसतो. त्या वळणापर्यंत ब्रेक पुरेसे तापलेले असतात, एवढंच.

उतार सुरू होण्याआधीच गिअर उतरवा. ब्रेक थोडा वेळ पण जोरात दाबून वेग कमी करा, मग पूर्ण सोडा. जळका वास आला तर सपाट जागी थांबा, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, पेडल दाबून धरू नका. तापलेल्या चकतीवर पाणी कदापि ओतू नका, तडा जातो. पेडल तळाला गेलंच तर भराभर पंप करा, खालचा गिअर घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा. किल्ली मात्र बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. सीलबंद बाटलीच वापरा, अर्धवट उघडी ठेवलेली नको. नुसतं ब्रेक फ्लुइडच्या टाकीतलं उपसून नवीन भरणं उपयोगाचं नाही, कारण उकळतं ते कॅलिपरमधलं जुनं. चारही चाकांच्या ब्लीड निपलमधून (फ्लुइड बाहेर काढायच्या छोट्या तोंडातून) स्वच्छ फ्लुइड येईपर्यंत जुनं काढायला सांगा, आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.