बीपीची गोळी चालू असेल तर पुडी बांधायच्या आधी सांगा

नमस्कार मंडळी, सांगलीत गणपती पेठेत आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे आणि दिवसातनं दहा वेळा तरी कानावर येतं, "झाडपालाच आहे ओ, त्यानं काय होतंय." होतंय. ज्या मुळीत गुण आहे तिच्यात अपाय करायची ताकदपण असते, म्हणून हा कागद पुडीसोबत देतोय.

ज्येष्ठमधाचंच बघा, खोकल्याला सगळ्यात जास्त तेच जातं. त्यातलं ग्लिसरायझिन नावाचं गोड द्रव्य किडनीतलं एक एन्झाइम अडवतं, मग अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं आणि बीपी चढतं. तासगावच्या एक काकू घसा बसला म्हणून महिनाभर रोज चार-पाच कांड्या चघळत होत्या, पाय सुजले, गोळ्या वेळेवर घेऊनही बीपी खाली येईना, डॉक्टर गोळी वाढवणार तेवढ्यात त्यांच्या पिशवीतनं कांडी निघाली. ती आम्हीच दिलेली. देताना बीपीचं विचारलं नव्हतं, चूक आमची. कांडी बंद केल्यावर दोनेक आठवड्यांनी बीपी जाग्यावर आलं. एखाददिवस तुकडा चघळला तर बहुतेकांना काही होत नाही, पण बीपीवाल्यांनी रोजची सवय लावू नका.

सर्पगंधा मागायला बरेच येतात. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 साली बीपीवर तिचा उपयोग जगापुढं मांडला आणि 1952 मध्ये मुळीतनं रेसर्पिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते मज्जातंतूंच्या टोकाला असलेला, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा साठा रिकामा करतं, मग रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी मंदावते. पण नाक चोंदतं, सुस्ती येते, काहींना मन खचल्यासारखं होतं, आणि एका मुळीत द्रव्य किती, दुसरीत किती हे नुसतं बघून कुणालाच कळत नाही. वैद्यांची चिठ्ठी असल्याशिवाय आम्ही ती देत नाही.

कण्हेर आणि पिवळी बिट्टी आम्ही ठेवतच नाही. हायवेच्या दुभाजकात फुललेली दिसते ना, तिच्यातली द्रव्यं डिजिटॅलिस या हृदयावरच्या औषधाच्या जातीची, हृदयाचे ठोके पार बिघडवतात, जीव जातो. काढा बिढा अजिबात नको, आणि पोरानं बिट्टीचं फळ तोंडात घातलं तर घरी काही करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

अर्जुनाची साल दुधात उकळून घेणारे पुष्कळ आहेत, आम्हीपण विकतो, पण ती सुरू केली म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही. भाजी-आमटीतला लसूण बिनधास्त खा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर मात्र लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. आणि मावशी, मशेरीपण झाडाचीच की, तिच्यातलं निकोटिन प्रत्येक वेळी नाडी आणि बीपी वाढवतं.

येताना गोळ्यांचं रिकामं पाकीट आणा, मोबाईलमध्ये फोटो असला तरी चालेल. बीपीवाल्यांना पाकीट बघितल्याशिवाय ज्येष्ठमध बांधून मिळणार नाही, राग मानू नका.