व्हिएतनामी बोलण्यातला आणि खाण्यातला फ्रेंच ठसा

फ्रेंचांनी १८५८ साली व्हिएतनाममधल्या दा नांग बंदरावर हल्ला केला, पुढच्याच वर्षी सायगॉन घेतलं, १८८७ मध्ये इंडोचायना म्हणून एकत्र कारभार सुरू केला आणि १९५४ ला दिएन बिएन फूच्या लढाईत सपाटून मार खाऊन गाशा गुंडाळला. आज तिथल्या बहुतेक लोकांना फ्रेंच येत नाही, पण वापरातले कितीतरी शब्द फ्रेंचच आहेत आणि ते शब्द कवितेतले नाहीत, गॅरेजातले आणि किचनमधले आहेत.

सायकल आणि मोटरसायकलचंच बघा. आपल्याकडे सायकलवाला ट्यूब, ब्रेक, कॅरिअर म्हणतो ते इंग्रजांमुळे, तिकडे ब्रेकला 'फान' (मूळ फ्रँ), हँडलला 'गी डोंग' (गीदों), स्पार्क प्लगला 'बू झी' (बूझी) आणि कॅरिअरला 'गाक बा गा' म्हणजे गार्द-बगाज. टायरला 'लोप', हे आँव्हलोपचं फक्त शेपूट. व्हिएतनामीत प्रत्येक अक्षर सुटं आणि सुरात म्हणायचं, जोडाक्षरं चालत नाहीत, म्हणून परका शब्द आला की तो असा तोडूनमोडून घेतात, मग तो परका वाटतच नाही. रेल्वे स्टेशन 'गा', शर्ट 'सऽ मी', साबण 'सा फाँग', सिमेंट 'सी मांग'. लोण्याला 'बऽ' म्हणतात आणि अवोकाडोलाही 'बऽ'च, गर लोण्यासारखा असतो म्हणून.

खाण्यात तर विचारूच नका. कॉफीची रोपं १८५७ च्या सुमाराला फ्रेंच मिशनरींनी आणली, आज कॉफी पिकवण्यात ब्राझीलनंतर व्हिएतनामचाच नंबर लागतो. ताजं दूध मिळायचं नाही म्हणून डब्यातलं गोड घट्ट दूध घालायची सवय लागली ती कायमची. हनोईची अंड्याची कॉफीसुद्धा १९४६ च्या दूधटंचाईतून निघाली. बान मी म्हणजे फ्रेंचांचा लांबडा 'बागेत' (baguette) पावच, पण आत पाटे (मांसाची मऊ पेस्ट), मेयोनीजसोबत मुळा-गाजराचं लोणचं, कोथिंबीर, मिरची. हातात धरून खायचं हे सँडविच १९५४ नंतर सायगॉनमध्ये लोकप्रिय झालं, आणि खरं सांगायचं तर मूळ फ्रेंच सँडविच त्याच्यापुढे फिकं आहे.

आता कॅफेत बसून 'काय ते फ्रेंच दिवस' म्हणणारे पर्यटक असतात, त्यांना मीठ, दारू आणि अफूवरची सरकारी मक्तेदारी, रबराच्या मळ्यांतले हाल कोणी सांगत नाही. व्हिएतनामी लोकांनी मात्र निवड नीट केली. रस्त्यांना दिलेली गव्हर्नर-सेनापतींची नावं काढली पण पाश्चर आणि येरसिन ठेवले. प्लेगचा जंतू शोधणारा हा येरसिन १८९७ च्या साथीत प्लेगवरचं सीरम घेऊन मुंबईलाही आला होता, पुढे बहुतेक आयुष्य व्हिएतनाममधल्या न्या चांग गावी राहिला आणि तिथेच १९४३ मध्ये वारला.